थंड व्हेंडिंग मशीन हलवताना कॉम्प्रेसर कसा वाचवायचा : इंदूरवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

इंदुरात आता कुठे नाहीये व्हेंडिंग मशीन, भंवरकुआंच्या कोचिंगमध्ये आहे, विजय नगरच्या जिममध्ये आहे, पिथमपूरच्या फॅक्टरीत कँटीनच्या बाहेर आहे, आणि जागेचं भाडं वाढलं किंवा खप कमी झाला की ती उचलून दुसरीकडे न्यायची वेळ येतेच. मग दुसऱ्या दिवशी ठरलेला फोन, "भिया, काल तर मस्त चालत होती, आज नुसती घुंघुं करते पण थंड होत नाहीये." बहुतेक वेळा घोळ हलवताना झालेला असतो, किंवा हलवल्यावर घाईने बटण दाबताना. लोक जे विचारतात ते इथे एकत्र लिहिलंय, फ्रिज आणि डीप फ्रीझरलाही यातलं बरंचसं लागू पडतं.

त्या कॉम्प्रेसरमध्ये एवढं नाजूक काय असतं? बाहेरून तर लोखंडी गोळा दिसतो.

कॉम्प्रेसर म्हणजे गॅस दाबून नळ्यांतून फिरवणारा पंप, त्याच्यामुळेच मशीन थंड होते. बाहेरून गोळाच आहे, वेल्ड करून कायमचा बंद केलेला. पण आत मोटर आणि पिस्टन असा पूर्ण संच स्प्रिंगांवर बसवलेला असतो, म्हणजे आतल्या आत हलता असतो, आणि तळाशी तेल असतं, लहान कॉम्प्रेसरमध्ये साधारण पाव ते अर्धा लिटर. मशीन उभी असली की तेल तळाशी, गॅस वर, सगळं जागच्या जागी. आडवी केली की ते तेल गॅस आत येणाऱ्या पाइपात आणि सिलिंडरच्या तोंडाशी जातं. अशात कोणी मशीन चालू केली की पिस्टन ते तेल दाबायला जातो, आणि गॅस दबतो तसं तेल दबत नाही, मग आतली पातळ स्टीलची व्हॉल्व्हची पट्टी तुटते किंवा वाकते. कॉम्प्रेसर फिरतो, आवाजही करतो, पण दाब तयार होत नाही. उघडून दुरुस्त करण्यासारखं काही नसतं, नवाच टाकावा लागतो.

दुसरं म्हणजे जे तेल कॉम्प्रेसरमधून पुढे ढकललं जातं ते कंडेन्सरमधून, म्हणजे चालताना गरम होणाऱ्या जाळीतून, कॅपिलरीत पोचतं. कॅपिलरी म्हणजे ती केसासारखी बारीक तांब्याची नळी, आतून एक मिलिमीटरच्या आसपास, तिच्यात तेल अडकलं की गॅसला वाटच उरत नाही.

आणि तिसरं, ज्याकडे कोणी लक्ष देत नाही, ते म्हणजे धक्का. मशीन आडवी असताना गाडी खड्ड्यात आपटली की आतला संच स्प्रिंगवरून सुटू शकतो, कारण त्या स्प्रिंगा उभ्या वजनासाठी केलेल्या असतात. सुटला की चालू केल्यावर आतून ठकठक येते, डब्यावर हातोडी मारल्यासारखी.

मग आडवी न्यायचीच नाही का? फ्रिज तर लोक आडवा नेतात.

नेतात, आणि त्यातले बरेच वाचतातही, म्हणून तर सवय लागलीय. पण घरचा फ्रिज रिकामा साठ-सत्तर किलोचा, आणि काचेच्या दाराची व्हेंडिंग मशीन रिकामी असतानाच अडीचशे ते साडेतीनशे किलो, मोठी असली तर जास्तच. ती आडवी टाकली की कॉम्प्रेसर सोडा, दाराची काच, बिजागऱ्या, आतल्या ट्रे, माल पुढे ढकलणाऱ्या स्पायरलच्या मोटरी, बाजूचा पत्रा, सगळ्यांवर असं वजन येतं जे त्यांच्यासाठी कधी धरलेलंच नव्हतं. माझं मत सरळ आहे, उभी जात नसेल तर त्या दिवशी जाऊ नका, दुसरी गाडी बघा. दोनेक हजार भाडं वाचवायला कॉम्प्रेसर डावावर लावणं हा कुठला हिशोब.

ट्रॉलीवर घेताना तर कलवावीच लागते, किती कललेली चालते?

ट्रॉलीवर मागे कलवून दहा-वीस पावलं नेणं यात काही बिघडत नाही. ४५ अंश ही वरची हद्द समजा, पण मी ३० च्या आत ठेवायला सांगेन, कारण जास्त कलली की हम्मालांच्या हातून सुटायची भीती वेगळीच. तेवढ्या कलण्याने थोडं तेल सरकतं, ते उभी केल्यावर परत येतं. फक्त तशी कललेली भिंतीला टेकवून चहा प्यायला जाऊ नका.

नाइलाजाने आडवी करावीच लागली तर कोणत्या बाजूवर?

दारावर तर कधीच नाही. पाठीवरही नाही, मागे जाळी आणि तांब्याच्या नळ्या असतात, त्या दबल्या की चिमटतात. उरल्या दोन कुशी. मागचं किंवा खालचं झाकण उघडून कॉम्प्रेसरकडे बघा, त्यातून नळ्या ज्या बाजूने बाहेर निघतात ती बाजू वर राहील अशी मशीन निजवायची, म्हणजे तेल नळ्यांच्या विरुद्ध बाजूला साचतं. नळ्या दोन्हीकडे निघत असतील तर जाड नळी, जी मशीन चालताना गार असते आणि गॅस परत आणते, ती वरच्या अंगाला ठेवा, डब्यातलं तेल आधी तिच्यातच शिरतं. बिजागऱ्यांकडची बाजू खाली येत असेल तर दार उघडणार नाही असं पक्कं बांधा. खाली नुसता पत्रा नको, जुनी गादी किंवा जाड थर्माकोल घाला, आणि पोचल्याबरोबर आधी उभी करा, बाकी कामं नंतर.

उभी केल्यावर किती वेळ थांबायचं? कोणी दोन तास सांगतं, कोणी चोवीस.

दोघंही बरोबर असू शकतात, मशीन कशी आली त्यावर आहे. पूर्ण रस्ता उभी आली असेल, फक्त ट्रॉलीवर कलली असेल, तर दोन ते चार तास पुरेत. थोडा वेळ आडवी होती, म्हणजे जिन्यात किंवा गाडीत चढवताना, तर निदान तेवढा वेळ आणि वर काही तास. तासन् तास आडवी आली असेल तर २४ तास, यात घासाघीस नको. तेल घट्टसर असतं, नळ्यांच्या वळणांमधून खाली यायला त्याला वेळ लागतो, आणि थंडीत तर अजून जास्त. इंदुरात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा सकाळी गारठलेली मशीन लगेच लावण्यापेक्षा जरा दुपार होऊ द्या.

आडवी आली का उभी हे माहीतच नसेल, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याने आणून टाकली आणि तुम्ही तिथे नव्हता, तर आडवी आली असंच धरून चाला. ड्रायव्हरला विचारलं तर तो "एकदम सीधी आणली" असंच सांगणार.

साइटवाला म्हणतो आजच चालू पाहिजे. नाही म्हणू?

नाही म्हणा. किंवा आधीच कबूल करताना "आज पोचवतो, उद्या चालू करतो" असंच बोला, म्हणजे वाद होत नाही. कंट्रोलरमध्ये सोय असेल तर कूलिंग बंद ठेवून नुसती लाइट आणि पेमेंटचा भाग चालवता येतो, बऱ्याच मशीनमध्ये ती सेटिंग असते. चिप्स-बिस्किटं विकायला तेवढं पुरतं, साइटवाल्यालाही स्क्रीन पेटलेली दिसली की बरं वाटतं.

माल आत ठेवून हलवली तर काय होतं? काढायचा, परत भरायचा, दुप्पट काम.

हिशोब बघा. ३०० मिलीचा भरलेला कॅन साधारण ३२५ ग्रॅमचा, असे ३०० कॅन म्हणजे जवळजवळ १०० किलो. एवढं वजन वर, आणि तेही हलतं वजन, कारण कॅन स्पायरलमध्ये डुलत राहतात. मशीन वळताना तोल जातो तो बहुतेक यानेच. शिवाय एखादी बाटली फुटली की साखरेचं पाणी खाली कूलिंगच्या भागात उतरतं, आणि चिकट झालेला पंखा आणि मुंग्या हा वेगळाच त्रास. माल काढा, ट्रे टेपने किंवा बेल्टने बांधा, काचेची फळी असेल तर वेगळी न्या, आणि नाण्यांचा डबा रिकामा करायला विसरू नका. तो विसरला जातोच, आणि मग नाणी कमी निघाली तर उगाच हम्मालांवर संशय.

आदल्या दिवशी काय करून ठेवायचं?

रात्री बंद करा आणि दार जरासं उघडं ठेवा. आत गारवा देणाऱ्या कॉइलवर बर्फ असेल तर वितळून जाऊ दे. ते पाणी खालच्या ट्रेमध्ये येतं, आणि ती ट्रे कॉम्प्रेसरच्या अगदी जवळ किंवा त्याच्या डोक्यावरच असते, तिथून हिंदकळलं की वायरिंगवर. सकाळी ट्रे पुसून कोरडी करा. बर्फ लवकर निघावा म्हणून सुरी, पेचकस काही घालू नका, ती अॅल्युमिनियमची कॉइल एका टोच्यात जाते.

वायर गुंडाळून पाठीला चिकटवा. खालचे लेव्हलचे पाय पूर्ण आत फिरवून घ्या, नाहीतर उंबऱ्यात अडकून एक पाय वाकतो आणि मग मशीन कधीच सरळ उभी राहत नाही. दाराला कुलूप लावून चावी आपल्या खिशात ठेवा, मशीनच्या आत नाही, हे लिहावं लागतंय यावरून समजून घ्या. आणि कंडेन्सरच्या जाळीवर धूळ असेल तर हीच वेळ आहे, ब्रशने काढा, नवीन जागी लागली की परत मागे कोण जातंय.

मशीन नवीकोरी, पेटीतून पहिल्यांदा निघालेली असेल तर कॉम्प्रेसरपाशी वाहतुकीसाठी लावलेले बोल्ट किंवा ठोकळे आहेत का बघा. काही कंपन्या लावतात, चालू करण्याआधी ते काढायचे किंवा ढिले करायचे असतात. परत कधी हलवायची तर तेच बोल्ट कामाला येतात, म्हणून फेकू नका.

कूलिंगचा भाग वेगळा काढून नेता येतो का?

काही मशीनमध्ये येतो, आणि ज्यांच्याकडे तशी आहे त्यांनी जरूर वापर करावा. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कॉइल, पंखे असं सगळं एका तळपट्टीवर बसवलेलं असतं, चार-सहा बोल्ट आणि वायरींचे प्लग काढले की ड्रॉवरसारखं पुढे सरकतं. याला कॅसेट म्हणतात. ती वेगळी, उभी, मांडीवर धरल्यासारखी न्यायची, म्हणजे मशीनचं वजनही कमी होतं आणि जिन्यात जीवही कमी जातो. फक्त गॅसच्या नळ्या सुट्या करायला लागत असतील तर ती कॅसेट नव्हे, तिथे हात लावू नका. आणि परत बसवताना चारी बाजूंचं रबर नीट दाबलं गेलं का बघा, फट राहिली की थंड हवा खाली गळते आणि मशीन दिवसभर बंदच होत नाही.

किती माणसं लागतात? लोहामंडीतून चार हम्माल घेतले तर?

चार माणसं ठीक, पण नुसती माणसं नकोत, साधन पाहिजे. सपाट जागेत हाताने चालवायचा पॅलेट ट्रक सगळ्यात बरा, काटे समोरून किंवा बाजूने, जिथे तळाला जागा सोडलेली असते तिथून घाला, मागून नाही, मागे कॉम्प्रेसर आणि नळ्या असतात. आधी वाकून आत बघा, काटा कुठे टेकणार ते. पॅलेट ट्रक नसेल तर पट्टा असलेली जाड चाकांची ट्रॉली. लोखंडी पाइपचे तुकडे घालून ढकलायची जुनी पद्धतही चालते, फरशी चांगली असेल तर, पण पहार खालच्या पत्र्यात घालून उचकटू नका, तो पत्रा वाकला की कॉम्प्रेसरची बैठकच वाकडी.

एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या नोंदीत १९७८ ते १९९५ या काळात अंगावर व्हेंडिंग मशीन पडून निदान ३७ माणसं मेलेली आहेत, बहुतेक मशीन हलवून फुकट कॅन काढायच्या किंवा अडकलेले पैसे परत मिळवायच्या नादात. ही उंच, वर-पुढे जड असलेली वस्तू आहे, एकदा कलंडायला लागली की दोन माणसं अडवू शकत नाहीत. पडायला लागली तर पडू द्या, खाली हात घालू नका, कॉम्प्रेसर परत मिळतो.

लिफ्टमधून नेता येईल का?

लिफ्टमधली पाटी वाचा. आपल्याकडे एका माणसाचे ६८ किलो धरतात, म्हणून ६ माणसांची लिफ्ट म्हणजे ४०८ किलो आणि ८ माणसांची म्हणजे ५४४. आता ३०० किलोची मशीन, ट्रॉली, आणि सोबत दोन माणसं म्हटलं की सहाच्या लिफ्टमध्ये हद्द ओलांडलीच. मशीन एकटी पाठवा, वर दुसरा माणूस उभा ठेवा. सगळं वजन आत जाताना एका कडेवर येतं म्हणून उंबऱ्यावर जाड प्लाय टाका. आणि दाराची उंची मोजून जा, मशीन साधारण १८३ सेंटिमीटर, ट्रॉलीसकट आणखी वर. दार बुटकं निघालं की मग कोणीतरी "जरा आडवी करू या" म्हणणार, आणि तिथेच सगळी मेहनत वाया.

आणि जिना? रामबागेत आमचं जुनं घर आहे, खाली दुकान, मशीन पहिल्या मजल्याच्या क्लासला न्यायचीय.

जुन्या वाड्यांचे जिने अरुंद आणि वळणाचे, काही ठिकाणी तर लाकडी. लाकडी जिन्यावर ३०० किलोची मशीन आणि चार माणसं मिळून अर्ध्या टनाच्या वर जातात, मी तरी ते करणार नाही, करूही देणार नाही. पक्का जिना असेल तर पायऱ्या चढणारी ट्रॉली भाड्याने घ्या, बॅटरीवर चालणाऱ्याही मिळतात. मशीनची पाठ ट्रॉलीला, दार बाहेरच्या बाजूला, दोन ठिकाणी बेल्ट. प्रत्येक पायरीवर आपटत नेलं तर तो प्रत्येक धक्का कॉम्प्रेसरच्या स्प्रिंगांना आणि नळ्यांच्या जोडांना बसतो, म्हणून सावकाश टेकवत. आणि खरं सांगू का, पहिल्या मजल्यावरच्या क्लाससाठी लहान टेबलटॉप मशीन बघा ना, दोन माणसं उचलतात.

गाडी कोणती बोलवायची, छोटा हाथी चालेल?

वजनाच्या दृष्टीने एक मशीन सहज चालते. प्रश्न उभं बांधण्याचा आहे. मशीनची पाठ केबिनच्या दिशेला, अगदी चिकटवून, मध्ये गादी. एक रॅचेट बेल्ट खालच्या तिसऱ्या भागात आणि एक वरच्या, दोन्ही गाडीच्या कड्यांना. नुसता दोर बांधला तर तो देवासनाक्यापर्यंत ढिला होतो. बेल्ट दाराच्या काचेवरून जात असेल तर मध्ये पुठ्ठा किंवा रजई, आणि इतकाही आवळू नका की दाराची चौकट पिळवटेल. माल वर-खाली करणारी हायड्रॉलिक पाटी असलेली गाडी मिळाली तर थोडं जास्त भाडं द्या, चढवा-उतरवायचा निम्मा धोका तिथेच संपतो.

उघड्या गाडीत उभी मशीन जमिनीपासून साडेआठ-नऊ फुटांवर जाते. राजवाड्याच्या, सराफ्याच्या मागच्या गल्ल्यांत वायरी त्याच उंचीवर लोंबतात. आधी एकदा गाडीवरून फिरून या.

कोणत्या रस्त्याने, किती वेगाने?

शहरात मोठ्या गाड्यांना दिवसा बंधनं असतात, त्यामुळे आयशर ट्रक असेल तर रात्री उशिरा किंवा पहाटे, तेव्हा रस्ते मोकळे आणि ऊनही नाही. बाहेर जायचं असेल, म्हणजे खंडव्याकडे भेरूघाटातून किंवा धारकडची, मानपूरकडची साइट असेल, तर ड्रायव्हरच्या शेजारी तुमचा माणूस बसवा. घाटात वळणावर वेग जास्त असला की उभी मशीन बेल्टवर लटकते, आणि ब्रेकने पुढे येते. स्पीडब्रेकर तिरका नको, सरळ घ्यायचा. दुसऱ्या राज्यात नेत असाल आणि मालाची किंमत ५० हजारांच्या वर असेल तर जीएसटीचं ई-वे बिल लागतं, स्वतःचीच मशीन असली तरी डिलिव्हरी चलन बनवून ते काढा, रस्त्यातल्या तपासणीत अडकून मशीन चार तास उन्हात तापली तर त्याचाही हिशोब कॉम्प्रेसरच देतो.

उन्हात तापली तर खरंच काही होतं?

बंद मशीनला सहसा काही होत नाही. मात्र तापलेल्या मशीनमध्ये गॅसचा दाब वर गेलेला असतो, आणि तशीच लावली की कॉम्प्रेसरला पहिल्याच झटक्यात जास्त जोर लावावा लागतो. मे महिन्यात इंदुरात चाळीसच्या वर असतं, बंद पत्र्याच्या गाडीत तर त्याहून कितीतरी जास्त. सावलीत, पंख्याखाली निवू द्या, मग लावा.

पावसाळ्यात प्लास्टिक गुंडाळा आणि पोचल्यावर लगेच काढा, आत दमट राहिलं की आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर पाणी धरतं.

नवीन जागी कशी ठेवायची?

मागे भिंतीपासून निदान १० ते १५ सेंटिमीटर मोकळे, आणि गरम हवा जिथून निघते तिथे पोती, खोके, झाडू काही नाही. लेव्हल बघा, मोबाइलवर अॅप असतं तेही चालेल. वाकडी मशीन म्हणजे दार नीट बंद होत नाही, पाणी उलट्या बाजूला जातं, आणि कॉम्प्रेसर सतत थरथरतो.

आणखी एक, मशीनच्या माहितीच्या प्लेटवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असू शकतो. एन म्हणजे ३२ डिग्रीपर्यंत, एसटी म्हणजे ३८, टी म्हणजे ४३. एन वर्गाची मशीन पेट्रोलपंपाच्या छपराखाली मे महिन्यात ठेवली तर ती चोवीस तास पळणार आणि पुढच्या उन्हाळ्याआधी कॉम्प्रेसर मागणार, तिथे हलवणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही.

प्लग कुठेही लावला तर चालेल?

नाही. १६ अँपिअरचं वेगळं सॉकेट, चांगलं अर्थिंग. कॉम्प्रेसर चालू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढतो, त्या वेळी बारीक वायरीच्या एक्स्टेन्शन बोर्डवर व्होल्टेज पडतं, मोटर फिरत नाही, नुसती गुरगुरते आणि तापते. कितीतरी "हलवताना बिघडलेल्या" मशीन नुसता बोर्ड बदलल्यावर चालू झाल्यात. व्होल्टेज २०० च्या खाली जाणारी वस्ती असेल तर स्टॅबिलायझर लावा.

पहिल्यांदा चालू करताना काय बघायचं?

रिकामी चालू करा. आधी पंखे, मग काही मिनिटांत कॉम्प्रेसर, बहुतेक कंट्रोलर मुद्दाम थोडा उशीर करतात त्यामुळे लगेच आवाज आला नाही म्हणून प्लग काढ-घाल करू नका. बंद केली असेल तर परत लावायला निदान पाच मिनिटं द्या, दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हायला एवढा वेळ लागतो, तो व्हायच्या आत लावली तर मोटर अडते. इलेक्ट्रिशियनकडे क्लॅम्प मीटर असेल तर चालताना किती अँपिअर घेते ते प्लेटवरच्या आकड्याशी ताडून बघा. पंधरा-वीस मिनिटांत मागची जाळी कोमट आणि आतली हवा गार लागायला पाहिजे.

टक असा आवाज येतो, बंद होते, परत थोड्या वेळाने टक. कॉम्प्रेसर गेला?

लगेच गेला म्हणू नका. टक हा ओव्हरलोडचा, म्हणजे मोटर वाचवणाऱ्या स्विचचा आवाज आहे, मोटर सुरू झाली नाही म्हणून त्याने सप्लाय तोडला. बंद करा, बोर्ड आणि व्होल्टेज तपासा, तासभर थांबा, एकदा परत लावा. तरी तेच असेल तर मोटर सुरू करून देणारे रिले किंवा कपॅसिटर बघायला मेकॅनिकला बोलवा, ते स्वस्त भाग आहेत. रात्रभर टक-टक करत सोडली तर मात्र मोटरचं वाइंडिंग जळतं.

आतून ठकठक असेल तर स्प्रिंग सुटलेली, ते बाहेरून नीट होत नाही. पत्र्याचा खरखर आवाज असेल तर खुश व्हा, बहुतेक पंखा जाळीला घासतोय किंवा एखादी नळी दुसऱ्या नळीला लागतेय, हलक्या हाताने वेगळी करा. कॉम्प्रेसर चालतोय, जाळी मात्र गरम होत नाहीये, आत गारवाही नाही, अशी लक्षणं व्हॉल्व्ह तुटल्याची किंवा गॅस गेल्याची. आणि नळीच्या जोडावर तेलकट डाग दिसला की तिथून गळती, साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा.

मेकॅनिक आल्या आल्या म्हणतो गॅस भरावा लागेल.

हे वाक्य तर पाठच असतं. बंद सिस्टिममधला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, कमी झाला असेल तर कुठून तरी गेलाय. ती जागा न शोधता वरून भरला की महिन्याभरात परत तेच. नीट काम म्हणजे गळती शोधायची, जोड लावायचा, ओल आणि कचरा अडवणारा फिल्टर-ड्रायर नवा, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा-ओल काढायची, आणि प्लेटवर लिहिलंय तेवढाच गॅस वजनकाट्यावर मोजून. जो अंदाजाने "हाताला गार लागेपर्यंत" भरतो त्याला चहा पाजून परत पाठवा.

प्लेटवर आर-२९० लिहिलं असेल तर तो प्रोपेन आहे, पेटणारा. प्रमाण थोडं असतं, बऱ्याच मशीनमध्ये १५० ग्रॅमच्या आत, पण हलवताना नळीला मार बसलाय असं वाटलं तर खिडक्या उघडा, तिथे स्विच खालीवर करू नका, आणि अशा सिस्टिमवर गॅसचा टॉर्च लावणारा माणूस हे काम शिकलेलाच पाहिजे. आर-१३४ए हा दुसरा गॅस पेटत नाही, पण त्याच्यासोबतचं तेल हवेतली ओल पटकन ओढतं, म्हणून नळी तुटली असेल तर तोंड लगेच टेपने बंद करा, उघडी दोन दिवस ठेवू नका.

नुकसान झालं तर भरपाई कोण देणार?

आधी लिहून घेतलं असेल तर मिळते, नाहीतर भांडण. उचलण्याआधी चालू मशीनचा व्हिडिओ काढा, तापमानाचा आकडा आणि आवाज दोन्ही येतील असा, मग गाडीत बांधलेली उभी मशीन, मग उतरवतानाची. चलनावर "मशीन उभीच न्यायची" हे वाक्य हाताने लिहून ड्रायव्हरची सही घ्या. महागडी असेल तर ट्रान्झिट विमा काढा, पण आतल्या यांत्रिक बिघाडाला तो लागू आहे का हे आधी विचारा, बऱ्याच पॉलिसी बाहेरचा मार दिसला तरच ऐकतात.

माल कधी भरायचा?

रिकामी असताना ठरलेल्या तापमानाला पोचू द्या, साधारण ४ डिग्री, त्याला काही तास लागतात. मग भरा, आणि शक्यतो आधी दुसऱ्या फ्रिजमध्ये गार केलेला माल, निदान पहिल्या खेपेला. गोदामातले गरम ३०० कॅन एकदम घातले तर कॉम्प्रेसर रात्रभर थांबत नाही, आणि सकाळी पहिला ग्राहक कोमट कोल्डड्रिंक घेऊन तक्रार करतो. दूध, ताक, सँडविच असलं काही विकत असाल तर तापमान ५ च्या खाली स्थिर झालंय हे बघूनच ते ठेवा, पहिला दिवस नुसत्या पाण्याच्या बाटल्या.